मोहोडकाकांची लाल पट्टी

यशवंतराव मोहोडांना प्रत्यक्ष भेटण्याआधी मी त्यांना एका पट्टीवरून ओळखत होतो. पट्टी म्हणजे आमच्या मंचावर प्रत्येक सभासदाच्या नावाखाली दिसणारी आडवी रेघ. एकही ताकीद नसेल तर ती हिरवी असते. एक ताकीद मिळाली की वीस टक्के भरते, दोन मिळाल्या की चाळीस टक्के भरून पिवळी होते, आणि साठला लाल. शंभर भरली की सभासद बाहेर. मोहोडांची साठ होती.

मंचाचं नाव ‘खटपट’. घरातल्या दुरुस्त्यांबद्दल विचारायची आणि सांगायची जागा. लॉकडाउनमध्ये कुणाच्याही घरी मिस्त्री येईना, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या शिरीषदादाने तो सुरू केला. व्हॉट्सॲपवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी वाहून जातं, इथे प्रश्न आणि उत्तर जागेवर राहतं, म्हणून लोक टिकले. आज रायपूर, भिलाई, नागपूर, वर्धा धरून तीन हजार सभासद आहेत. प्रश्न मराठीत येतात, उत्तरं निम्मी हिंदीत. शिरीषदादा दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. तेव्हापासून मंचाची तांत्रिक बाजू मी सांभाळतो, आणि कोण कसं बोलतं यावर लक्ष कौमुदीदीदी ठेवते. ती माझ्यासारखीच रायपुरात, चौबे कॉलोनीत राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते.

या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात समता कॉलोनीतल्या अपर्णा नावाच्या सभासदाने विचारलं, ‘कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. चालवू का?’

सहा मिनिटांनी मोहोडांचं उत्तर आलं. ते नेहमी असंच लिहीत, एका वाक्याला एक ओळ.

‘प्लग काढ.
आधी काढ, मंग पुढचं वाच.
काढला?
अर्थिंग तुटलं असन नाहीतर पंपात पाणी शिरलं असन.
मिस्त्री पाहून जाईपर्यंत कूलरले शिवू नको.
चप्पल घालून कूलर चालवणारा स्वतःले लाकूड समजते.
लाकूड कुठी नेतात ते तुले माहीत आहे.’

त्याच्या खाली दुसऱ्या एका सभासदाने लिहिलं, ‘घाबरू नका मॅडम, लोखंडी कूलरला थोडंफार सगळ्यांकडेच येतं. खाली लाकडी पाट ठेवा.’ याची पट्टी स्वच्छ हिरवी होती. अपर्णाने याचे आभार मानले आणि पाट ठेवला.

तीन दिवसांनी तिच्या सासूबाई कूलरमध्ये पाइपने पाणी भरत होत्या. फरशी ओली, पाय अनवाणी. झटका बसून त्या मागे पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. नंतर मिस्त्रीने पाहिलं तर प्लगची तिसरी, जाड पिन कुणीतरी मोडून टाकलेली होती. जुन्या बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून.

अपर्णाने घडलं तेवढं मंचावर लिहिलं, भांडण केलं नाही. तिने मला निरोप पाठवला. ‘दोन उत्तरं आली होती. एकाची पट्टी लाल, एकाची हिरवी. मी हिरव्याचं ऐकलं. रंग तुम्हीच दिले होते ना? मग मला एवढंच सांगा भैया, लाल म्हणजे काय?’

मला सांगता येईना. लाल म्हणजे साठ, आणि साठ म्हणजे तीन ताकिदी. पण तीन ताकिदी म्हणजे काय?

त्याच दिवशी मोहोडांचीही एक ओळ आली. ‘माहा शब्द इथी चालत नसन तर लिहू कायले? महिना संपला की खातं बंद करून द्या.’

आमच्यासारख्यांना असा प्रश्न पडला की आधी आकडे काढायची सवय असते. मोहोडांची उत्तरं मोजली. सहाशे चौदा. प्रश्न विचारणारा नंतर परत येऊन ‘तुम्ही सांगितलं तसं केलं’ असं लिहून गेलाय का, ते एकेक करून पाहिलं. पट्टी पूर्वी फक्त मंच चालवणाऱ्यालाच दिसत असे, दोन वर्षांपूर्वी ती सगळ्यांना दिसायला लागली. त्याआधी जवळपास निम्मे लोक असं लिहीत. त्यानंतर सहातला एक. माणूस तोच होता आणि उत्तरांचा दर्जाही तोच होता, हे मी कौमुदीदीदीला तपासायला लावलं. ती म्हणाली, “विज्ञान पक्कं आहे बाबाचं. जीभ सोडून.”

मग त्यांच्या ताकिदींच्या नोंदी उघडल्या. कारण लिहिलेला रकाना मंचावर फक्त आम्हालाच दिसतो. पहिली ताकीद शिरीषदादाने दिलेली, कारण एका शब्दात, ‘भाषा’. तिसरी कौमुदीदीदीची, चांगली सहा ओळींची. दुसऱ्या ताकिदीचं कारण होतं एक टिंब. रकाना रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून कुणीतरी टिंब देऊन मोकळं झालं होतं. देणाऱ्याचं नाव पाहिलं. माझंच होतं.

काय झालं होतं ते मला आठवेना. आठवेना हेच मला जास्त टोचलं. मी मोहोडांना लिहिलं की मला तुम्हाला भेटायचं आहे. उत्तर आलं, ‘गुढियारी. पडाव चौकापाशी ये आणि मोहोड टीएक्सआर कुठी राहते ते विचार.’

टीएक्सआर म्हणजे रेल्वेचा गाडी तपासनीस, हे मला तिथल्या पानठेल्यावाल्याने सांगितलं. “पूरा पारा जानता है उनको,” तो म्हणाला, पारा म्हणजे मोहल्ला, “डांटते बहुत हैं.”

रविवारी सकाळी दार उघडलं ते त्यांच्या पत्नीने, सुशीलाकाकूंनी. मागून उंच, वाकलेले काका आले. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, “पायात काय पाहून राहिला? वर पाह्य.”

वर पाहिलं. भिंतीवरच्या मीटरच्या खोक्यावर पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरांत तारीख घातलेली होती. खिडकीतल्या कूलरवरही तारीख होती, शिवाय ‘अर्थ बरोबर’ असं लिहिलेलं. स्वयंपाकघराच्या दारातून गॅसची नळी दिसत होती, तिच्यावर पट्टी चिकटवून तारीख. पाण्याच्या मोटरीवर तारीख आणि य. मो. अशी आद्याक्षरं.

“माह्यावर तेवढी टाकायची राहिली,” काकू म्हणाल्या.

“तुले तपासाची कोणाची हिंमत आहे?” काका म्हणाले आणि मला खुर्ची दिली.

त्यांचे वडील मूर्तिजापूरला जिनिंगमध्ये हमाल होते. काका एक्क्याऐंशी साली खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून रायपूरच्या यार्डात लागले. पहिली चार वर्षं हातात फक्त हातोडी. गाडी थांबली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं आणि प्रत्येक चाकावर ठोका मारायचा.

“चांगलं चाक घंटेवाणी वाजते,” ते म्हणाले. “तडा गेला असन तर मडक्यावाणी. मशिनी मंग आल्या. आमचे कानच मशिनी होते.”

मग परीक्षा दिली, तपासनीस झाले, आणि त्याच यार्डात सदतीस वर्षं काढून निवृत्त झाले. मला त्या कामाबद्दल इतके प्रश्न होते की मी ज्यासाठी आलो होतो तेच राहून गेलं. धुऱ्याची, म्हणजे चाकाच्या आसाची, पेटी गरम झाली की कसं कळतं? (हाताची मागची बाजू लावायची, तळहाताचं कातडं जाड, त्याला उशिरा कळतं.) रात्री आणि दिवसा आवाजात फरक पडतो का? (पडतो, थंडीत जास्त.) शेवटी मी विचारलं, “काका, मंचावर तुम्ही आधी ओरडता आणि मग सांगता. उलट नाही का जमणार?”

“नाही जमत.” ते सरळ बसले. “दोन डब्यांच्या मंधात पोट्ट्याचा हात आहे अन् मांगून इंजिन येऊन राहिलं. मी काय म्हणू? कृपया आपला हात बाजूला घ्यावा? आधी ‘हट’ म्हणाचं. मंग त्याचा बाप काढाचा. मंग कारण सांगाचं. ह्या क्रमानं माणसं वाचतात.”

“पण मंचावर मागून इंजिन येत नाही ना.”

“त्या बाईच्या सासूच्या मांगं आलंच ना?”

मी मग कागद काढले. तिन्ही नोंदी छापून आणल्या होत्या. “काका, या तुमच्या ताकिदी. हे तुम्हाला कळवलं गेलं होतं, तरी...”

“कुठी कळवलं?”

“ई-मेलवर.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “ते ई-मेल आमच्या पोरानं, परागनं बनवून देल्लं होतं. त्याचा पासवर्ड त्याच्यापाशी, अन् तो पुण्यात.”

म्हणजे चार वर्षांत पट्टी तीनदा सरकली, दोन वर्षं ती अख्ख्या मंचाला दिसत होती, आणि का सरकली हे ज्याची होती त्यालाही माहीत नव्हतं. “मी समजलो जास्त उत्तरं देल्ली की भरत असन,” काका म्हणाले. “लाल झाली तवा कळलं की शाबासकी नोहे.”

पहिली नोंद वाचून ते हसले. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती आहे ते मेणबत्ती धरून पाहणाऱ्या एकाला त्यांनी लिहिलं होतं, ‘बॅटरीतून निंघणारी हवा पेट घेते. आणखी एकदा मेणबत्ती लावशील तर ती तुयाच फोटोपुढं लागन.’ शिरीषदादाला ते असह्य झालं होतं.

“यात खोटं काय आहे?” काका म्हणाले. “वाचला ना तो?”

दुसरा कागद त्यांनी उलटसुलट केला. “हे काय?”

“टिंब.”

“टिंबासाठी वीस टक्के?”

“ती ताकीद मी दिली होती काका. घरून निघण्याआधी जुनं सगळं पुन्हा वाचलं. तुमचं नेट जात-येत होतं, तुम्ही पाठवायचं बटन चार वेळा दाबलं, एकच उत्तर चार वेळा उमटलं. कुणीतरी तक्रार केली. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. न वाचता दिली.”

मला वाटलं आता माझा बाप निघणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, “किती वेळ लागला तुले?”

“अर्धा मिनिट.”

“हं.” एवढंच.

तिसरा कागद काकूंनी उचलला, कारण काकांचा चष्मा अजून हातात होता. त्या मोठ्याने वाचायला लागल्या. एका बाईने गॅसचा रेग्युलेटर सिलिंडरवर बसत नाही म्हणून विचारलं होतं. काकांनी लिहिलं होतं, ‘घरात माणूस नाही का हे कराले? बाईनं गॅसशी खेळू नये.’ त्यावर बाईने लिहिलं, ‘नाही. दोन महिन्यांपूर्वी वारले.’ त्यानंतर ती मंचावर कधी आली नाही. कौमुदीदीदीने ते सगळं पान तेव्हाच झाकून टाकलं होतं, त्यामुळे काकांनी ते उत्तर कधी पाहिलंच नव्हतं.

वाचून झाल्यावर काकू काकांकडे वळल्या. “मी चाळीस वर्षं ह्या घरात सिलिंडर बदलून राहिली. तुम्ही ड्यूटीवर. तवा मी कोण होती? माणूस होती का?”

काकांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचला.

“तिचं नाव काय?”

“नाव नाही सांगता येणार काका.”

“बरोबर आहे. सांगू नको.” ते उठले, आत जाऊन पाणी पिऊन आले. “कौमुदी म्हणजे कोण? लहान पोट्टी आहे का?”

“शिक्षिका आहे.”

“चांगलं लिहिलं तिनं. सगळं लिहिलं. काय झालं, कवा झालं, कोणाले लागलं.” मग त्यांनी टिंबाचा कागद माझ्यासमोर धरला. “अन् हे तुयं.”

आता ओरडतील असं वाटलं, पण ते समजावून सांगायला लागले. कदाचित ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

“डब्यात दोष दिसला की आम्ही चिठ्ठी लावत होतो. सिक लेबल म्हणत. डबा आजारी आहे. पूर्ण यार्डाले दिसे. लपवून कसं चालन? पण त्या चिठ्ठीवर काय राहे? डब्याचा नंबर. काय बिघडलं ते. तारीख. अन् माही सही. आता तुयी पट्टी दाखव. काय बिघडलं कुठी लिहिलं? छत गळते का ब्रेक लागत नाही? छत गळत असन तर धान नको भरू, गिट्टी भर. चालते. ब्रेक लागत नसन तर काहीच नको भरू. तू तर सगळ्याचं मिळून साठ करून टाकलं. साठ टक्के कशाचे?”

मी वही काढून लिहून घ्यायला लागलो. “आणि ती चिठ्ठी काढायची कधी?”

“दुरुस्ती झाल्यावर. ज्यानं लावली त्यानंच काढाची.”

“तो बदली होऊन गेला असेल तर?”

“तर दुसऱ्यानं काढाची. पण आधीच्याच्या भरोशावर नाही. पहिल्यापासून पूर्ण तपासाचं, अन् मंग आपलं नाव टाकाचं. उद्या डबा रुळावरून उतरला तर कोणाले विचाराचं, ते माहीत पाहिजे.”

त्या संध्याकाळी मी चौबे कॉलोनीत कौमुदीदीदीकडे गेलो. मी उत्साहात होतो. म्हटलं, दीदी, पट्ट्या आजच्या आज झाकू या. तिने चहाचा कप टेबलावर आपटलाच.

“झाकू? तू विसरला का, ही पट्टी उघडी काहून केली ते?”

विसरलो नव्हतो. ती मंचावर नवी असताना एका माणसाने तिच्या इन्व्हर्टरबद्दल फार छान उत्तर दिलं, मग खासगी निरोपात नंबर मागितला, आणि मग महिनाभर नको नको ते पाठवत राहिला. नंतर कळलं की त्याला याच कारणाने आधी दोन ताकिदी मिळाल्या होत्या. शिरीषदादाला माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

“मले ती पट्टी दिसली असती तर मी त्याले नंबर दिला असता का?” ती म्हणाली. “तुम्ही लोक म्हणता, बिचाऱ्याची बदनामी नको. अन् माझं काय? तुझ्या मोहोडकाकांचं कोणी ऐकत नाही याचं तुला वाईट वाटतं. मले त्या माणसाचं लोक ऐकत होते याचं वाईट वाटतं.”

मी वहीतलं यार्ड तिला वाचून दाखवलं. छत, ब्रेक, धान, गिट्टी. ती ऐकत गेली. कपातला चहा गार झाला.

“म्हणजे तो माणूस ब्रेक,” ती म्हणाली.

“आणि नेट गेल्यामुळे चार वेळा उमटलेलं उत्तर?”

“ते तर काहीच नाही. ते तुझं डोकं.” ती हसली. मग पेन घेऊन माझ्याच वहीत लिहायला लागली.

आम्ही दोन रविवार भांडलो. टक्के काढून टाकायचे, रंगही काढून टाकायचे, त्यांच्या जागी चिठ्ठी ठेवायची, इथपर्यंत लगेच एकमत झालं. चिठ्ठीवर काय झालं, कधी झालं, कुणी लावली. खासगी निरोपातून त्रास देणाऱ्याची चिठ्ठी कधीच आपोआप निघणार नाही, ही तिची अट मी मान्य केली. किरकोळ गोष्टींची चिठ्ठीच लावायची नाही, सरळ सांगायचं, ही माझी अट तिने मानली. पण एखाद्याने एकदाच तोल सोडला असेल तर ती चिठ्ठी किती दिवस? ती म्हणाली वर्ष, मी म्हणालो तीन महिने. ते अजून ठरलेलं नाही. आणि एक प्रश्न मला अजून सुटत नाही. कारण लिहायचं तर ज्याला लागलं त्याचीही गोष्ट थोडी उघडी पडते. त्या बाईचं दुःख आमच्या चिठ्ठीवर का यावं? शेवटी कौमुदीदीदीने तिच्या सहा ओळींची एक ओळ केली, ‘मदत मागणाऱ्या सभासदाला बाई म्हणून हिणवलं.’ एवढंच पुरे, ती म्हणाली.

मग मोहोडांच्या तीन चिठ्ठ्या. शिरीषदादाला विचारलं, तो तिकडून म्हणाला, “काढून टाक रे सगळं, मला आठवत पण नाही.” मी काढणारच होतो. कौमुदीदीदीने हात धरला. “पहिल्यापासून तपासाचं, असं म्हणाले ना ते?” तिने मेणबत्तीचं पूर्ण पान वाचलं आणि खाली लिहिलं, ‘सल्ला बरोबर होता. विनोद कडू होता. चिठ्ठी काढली. कौमुदी.’

माझ्या टिंबाच्या जागी मी लिहिलं, ‘ही ताकीद चूक होती. न वाचता दिली. काढली. वेदांत.’ हे सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. मंचावर दोघातिघांनी मला चांगलंच झाडलं.

तिसरीबद्दल मी काकांना फोन केला. “दीदी म्हणते, तुम्हाला वाईट वाटलं हे तिला पटलं आहे. ती काढायला तयार आहे.”

“काहून?”

“म्हणजे...”

“मले वाईट वाटल्यानं त्या बाईचं काय दुरुस्त झालं? राहू दे ते.”

“काका, ती चिठ्ठी सगळ्यांना दिसेल. नावाखालीच. लोक वाचतील.”

“वाचू दे. मी तिले माफीचं लिहून पाठोलं आहे. तुया मंचावरूनच, खासगीत. कौमुदीनं तिचं नाव झाकून तेवढी सोय करून देल्ली. तिनं वाचलं, अन् तिले वाटलं, तर मंग पाहू.”

मला तो निरोप वाचता येत नाही, वाचायचाही नाही. पण तो उघडला गेला की नाही ही खूण पाठवणाऱ्याला दिसते. काका रोज पाहतात, असं काकू म्हणाल्या. अजून उघडलेला नाही.

महिना संपला. खातं बंद करा असं काका पुन्हा म्हणाले नाहीत, पण चिठ्ठ्या लागू झाल्या त्या दिवसापासून त्यांनी एकही उत्तर लिहिलं नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला. कूलरचे प्रश्न दिवसाला वीस-वीस यायला लागले. मी रोज त्यांचं नाव शोधत होतो. त्यांची चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात दोनशे जणांनी उघडून वाचली होती, हा आकडा मी त्यांना सांगितला नाही.

मग एका दुपारी अपर्णाचा प्रश्न आला. या वेळी तिने तो सगळ्यांना विचारला नव्हता. वर नाव घातलं होतं, मोहोड टीएक्सआर.

‘काका, सासूबाईंचं प्लास्टर निघालं. नवीन प्लग लावला, नवीन बोर्ड लावला. आता मलाच तपासायचं आहे की अर्थिंग खरंच मिळतंय का. मी बाई आहे आणि नवरा दुर्गला ड्यूटीवर असतो. तरी सांगाल का?’

ती चिठ्ठी वाचून आलेली होती हे उघड होतं. आणि मला वाटतं, टोमणा मारूनही तिला खरंच उत्तर हवं होतं.

तासभर काही आलं नाही. मी ऑफिसात पुन्हा पुन्हा पान ताजं करत होतो. मग आलं. नेहमीपेक्षा लांब, पण ओळी तशाच, एका वाक्याला एक. पहिली ओळ होती, ‘तुमच्यापाशी टेस्टर आहे का, अन् पायात रबरी चप्पल आहे का?’ ‘तुमच्यापाशी’ हे मी त्यांच्या सहाशे चौदा उत्तरांत कुठेही वाचलं नव्हतं. पुढे बल्ब आणि होल्डर घेऊन काय करायचं, कुठली तार कुठे, बल्ब पूर्ण लागला तर काय, मंद लागला तर काय, आणि काय झालं तर सगळं सोडून आधी मेन स्विच पाडायचा, सगळं होतं. शेवटी, ‘एखादी पायरी समजली नाही तर तिथीच थांबा. विचारा. मी इथीच आहे.’

पाऊण तासाने अपर्णाने लिहिलं, ‘बल्ब पूर्ण लागला. धन्यवाद काका.’

लगेच माझा फोन वाजला.

“वेदांत, त्या बाईनं माह्या नावाखालची चिठ्ठी वाचली का रे?”

“वाचली काका.”

“वाचूनही मलेच विचारलं?”

“हव.”

“बरं,” ते म्हणाले. “फोन ठेव मंग. आणखी चार जणांनी विचारलं आहे, त्याईले सांगाचं आहे.”